सीओपीआर (कॅनडात कायम राहायच्या मंजुरीचा कागद) हातात, मुदत ९ सप्टेंबर, आणि थेट विमानं बंद. काय करावं? (नाशिक)

अंबड_लिंकरोड | ११ जुलै २०२१, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो, पण डोकं पार भंजाळलंय आणि घरात बोलून बोलून सगळ्यांना कंटाळा आलाय.

आमची केस अशी. मी ३६, बायको ३३, मुलगी साडेचार वर्षांची. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. जानेवारी २०२० मधे एक्सप्रेस एन्ट्रीतून (गुणांवर माणसं निवडायची पद्धत) कॅनडाचं आयटीए, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं आलं, स्कोअर ४७५, पेढे वगैरे वाटून झाले, आणि दोन महिन्यांत सगळं जगच बंद पडलं. तरी फाईल रडतखडत पुढे सरकत होती. सप्टेंबर २०२० मधे मुंबईला जाऊन मेडिकल केलं, नोव्हेंबरात पासपोर्टवर व्हिसा आणि हातात सीओपीआर. आम्हाला वाटलं जिंकलो. मग कळलं की १८ मार्च २०२० च्या आधी मंजुरी मिळालेल्यांनाच येऊ देतायत, आमच्यासारख्या नंतरच्यांनी घरी बसायचं. म्हणजे तुम्ही आता पर्मनंट रेसिडेंट (पीआर) व्हायला पात्र आहात, अभिनंदन, पण येऊ नका!! सात महिने तो कागद कपाटात साड्यांच्या खाली पडून आहे.

एप्रिलमधे नाशिकची काय अवस्था होती ते तुम्हाला माहितीये. बाबांना ऑक्सिजन लागला, बेडसाठी मी आणि मेहुणा रात्रभर गाडीतून फिरलो. तेव्हा कॅनडा बिनाडा डोक्यातून पार गेलेलं. बाबा बरे झाले, आणि २१ जूनला बातमी आली की आता सगळ्याच सीओपीआरवाल्यांना प्रवास करता येईल. मी त्या आनंदात २८ जूनला राजीनामा टाकला. नोटीस दोन महिने.

आता अडचण बघा. सीओपीआरची मुदत ९ सप्टेंबर, कारण मेडिकल वर्षभरच चालतं. भारतातून थेट विमानं २२ एप्रिलपासून बंद, सध्या २१ जुलैपर्यंत म्हणतायत पण दर महिन्याला वाढवतायत. फिरून जायचं तर तिसऱ्या देशात उतरून तिथली आरटीपीसीआर लागते, इथली चालत नाही. एजंट म्हणतो सर्बियामार्गे करून देतो, तिघांचे साडेआठ लाख, हॉटेलं धरून. शिवाय सेटलमेंटचे साधारण २० हजार डॉलर दाखवायला लागतात ते वेगळेच, त्यांना हात लावता येत नाही.

वर लशीचा घोळ. मला २४ जूनला कोविशील्डचा पहिला डोस मिळाला. बायको दोन दिवसांनी गेली तर त्या केंद्रावर कोविशील्ड संपलेली, तिने कोव्हॅक्सिन घेतली, आणि कॅनडा कोव्हॅक्सिन धरतच नाही.

काय करावं? साडेआठ लाख घालून ऑगस्टमधे निघावं, का वाट बघावी, का मी एकट्याने पुढे जावं? कोणी गेलंय का असं फिरून?

---

बर्फातला_पंचवटीकर | १२ जुलै, पहाटे ५.१०

भाऊ, मी गेलोय. आत्ता ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमधे बसून हे लिहितोय, क्वारंटाईनचा आठवडा झालाय, आठव्या दिवसाची टेस्ट आजच दिली, म्हणजे नर्स व्हिडिओवर बघत असते आणि आपणच आपल्या नाकात काडी घालायची.

मी एकटा होतो, लग्न नाही काही नाही, त्यामुळे माझं आणि तुमचं गणित वेगळं. २१ जूनला उघडल्यावर लगेच निघालो, बेलग्रेडला आठवडाभर राहिलो. सर्बियाला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून सगळे तिकडे पळतायत, माझ्या हॉटेलात नाश्त्याला निम्मे पंजाबी, दोन गुजराथी फॅमिल्या आणि मी. काहीजण कैरोवरून गेले, काही मेक्सिकोवरून. विमानाच्या आधी ७२ तासांच्या आतली टेस्ट लागते. ४ जुलैला टोरांटोला उतरलो. तीन रात्री सरकारी यादीतलं हॉटेल, स्वतःच्या पैशाने. दारावर टकटक करून कागदी पिशवी ठेवून जायचे, त्यात थंडगार पास्ता, तीन दिवस. मी बॅगेतला मेतकूट काढून भातासाठी तरसत बसलो होतो.

एक गोष्ट एजंट सांगणार नाही ती सांगतो. तिसऱ्या देशात टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिथेच अडकलात. एका कपलमधे बायकोची पॉझिटिव्ह आली, नवऱ्याची निगेटिव्ह, दोघं हॉटेलच्या वेगवेगळ्या खोल्यांत. अंगात काही नव्हतं हो तिच्या, महिन्यापूर्वी घरी होऊन गेलेला. तुमच्या घरी एप्रिलमधे झालेला असेल तर निघायच्या आधी नाशकातच दोनदा टेस्ट करून बघा, जुना कोविड कधीकधी रिपोर्टात रेंगाळतो.

आणि राजीनामा का टाकलात राव? बोर्डिंग पास हातात आल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही हे आमच्या ग्रुपवर पिन करून ठेवलंय.

---

सिडको_५वीस्कीम | १२ जुलै, सकाळी ९.२५

तुमचं वाचून वाईट वाटलं पण खरं सांगू, जरा हेवाही वाटला. तुमचं दार उघडलंय तरी. मी ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसावाला. व्हिसा मिळाला मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात, आणि २० मार्चच्या रात्री ९ वाजता त्यांनी बॉर्डर लावून घेतली. पर्मनंटवाल्यांना आत घेतात, आमचा प्रोव्हिजनल, म्हणून आम्ही बाहेर. पाच वर्षांचा व्हिसा, त्यातली तीन वर्षं त्यांच्या रीजनल भागात राहून काम केल्याशिवाय पर्मनंटला अर्ज करता येत नाही. घड्याळ व्हिसा दिल्या दिवसापासून चालू आणि मी सिडकोत. सव्वा वर्ष गेलं. एक्झेम्प्शनचा अर्ज तीनदा केला, तीनदा नाही म्हणाले.

तरी त्यांच्या स्वतःच्या नागरिकांचं काय केलं बघा, मे महिन्यात भारतातून गेलात तर पाच वर्षं जेल आणि ६६,६०० डॉलर दंड असा नियम काढला होता, पासपोर्ट त्यांचाच असला तरी. पंधरा दिवसांत गुंडाळला, पण काढला होता. हे कळल्यावर मी एक्झेम्प्शनचा नाद सोडला. सध्या घरूनच एका पुण्याच्या कंपनीचं काम करतोय.

तुम्हाला सल्ला देण्याच्या लायकीचा मी नाही. फक्त एवढंच की तुमच्या कागदावर नक्की काय लिहिलंय ते स्वतः वाचा, एजंटकडून ऐकू नका. मी ऐकलं होतं.

---

कॉलेजरोडची_ताई | १२ जुलै, दुपारी १.०५

दादा, आधी पाणी प्या. मग नीट वाचा.

आमचा सीओपीआर फेब्रुवारी २०२० चा, म्हणजे आम्ही १८ मार्चच्या आधीवाले, भाग्यवान! २ एप्रिलचं तिकीट होतं, २३ मार्चला आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. मग जुलैपासून एकेका देशाशी एअर बबल (करार करून सोडलेली ठरावीक विमानं) सुरू झाले, तेव्हा सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन. नोव्हेंबर २०२० ला आमचा सीओपीआर मेला. मी तुमच्यासारखीच रडले, कपाट उघडून तो कागद बघत बसायचे. आता ऐका पुढे काय झालं. काहीही आभाळ कोसळलं नाही. आयआरसीसीला, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला, वेबफॉर्म भरला, की आम्हाला यायचंच आहे, मुदत संपलीये, करोनामुळे जमलं नाही. दोन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं, मेडिकल नवीन करा, पोलिसांचं पीसीसी (गुन्हा नसल्याचा दाखला) नवीन द्या. केलं. नवीन सीओपीआर आला, जानेवारी २०२२ पर्यंतचा. तो वाढवून मिळत नाही, रद्द होऊन नवा निघतो, एवढाच फरक. आयईएलटीएस वगैरे काही परत मागितलं नाही.

म्हणजे ९ सप्टेंबरला तुमचं पीआर संपत नाही, त्या कागदाची तारीख संपते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंट लोक मुद्दाम त्या एक करून सांगतात कारण त्यांचं पॅकेज विकलं जायला हवं. मात्र मुदत संपलेला कागद घेऊन विमानतळावर जाऊ नका, चेक-इनलाच परत पाठवतील, आयआरसीसी स्वतःच सांगतं की आम्ही कळवेपर्यंत निघू नका.

एकटं पुढे जायचं म्हणत असाल तर मुख्य अर्जदार कोण ते बघा. तुम्ही असाल तर तुम्ही आधी लँड होऊ शकता, बायको-मुलगी मागून. उलटं चालत नाही, त्या तुमच्या आधी जाऊ शकत नाहीत. पण त्यांच्या कागदावरही ९ सप्टेंबरच असणार, तिघांचं मेडिकल एकदमच केलं असेल ना? मग तुम्ही तिकडे आणि त्यांचे कागद इकडे संपलेले, असं त्रांगडं होईल.

राजीनामा मागे घेता येतो का ते आजच विचारा. लाजू नका.

---

मिसळ_तर्री_एक्स्ट्रा | १२ जुलै, दुपारी ४.५०

एवढा आटापिटा कशाला? नाशिकसारखी हवा जगात कुठे मिळणार, वाईन इथे, द्राक्षं इथे, रविवारी मिसळ इथे. तिकडे उणे तीसमधे फावडं घेऊन बर्फ काढणार. आपलं गाव बरं.

---

अंबड_लिंकरोड | १५ जुलै, रात्री १०.१५

मिसळवाले साहेब, हवा चांगलीच आहे, म्हणूनच बाबांना ऑक्सिजनचा सिलेंडर लागला. असो. राग मानू नका, मी रविवारी मिसळ खातोच.

ताई, तुमची पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली. वेबफॉर्म भरलाय. मुख्य अर्जदार मीच आहे आणि तिघांचं मेडिकल एकाच दिवशी, सगळ्यांवर ९ सप्टेंबरच आहे, तुमचा अंदाज बरोबर.

मॅनेजरला भेटलो. तो म्हणाला एचआरला विचारतो, पण तुझ्या जागेवर पोरगा घेतलाय. खरंच घेतलाय, माझा व्हर्नियरचा डबा त्याच्या टेबलावर होता. माझ्या नावाची पट्टी अजून डब्यावर चिकटलेली आणि तो त्यानेच माप घेत होता, "सर, यात शून्याची एरर किती धरायची" म्हणून मलाच विचारलं. काय सांगणार, सांगितली.

लशीचं ऐका. जूनमधे केंद्राने काढलं ना की परदेशी जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस ८४ ऐवजी २८ दिवसांनी मिळेल. ८४ दिवस धरले तर माझा दुसरा डोस १६ सप्टेंबरला येतो, मुदत संपल्यावर आठवड्याने! २८ धरले तर २२ जुलै. म्हणून चौकशीला गेलो. तिथला माणूस म्हणाला अॅडमिशन लेटर आहे का, नाही. नोकरीचं ऑफर लेटर? नाही, पीआर आहे, तिकडे गेल्यावर नोकरी शोधायची असते. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला मग ऑलिंपिकला चाललाय का? कारण नियमात तीनच प्रकार, शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिक. मागच्या रांगेतले हसले, मी पण हसलो. बायको म्हणते भालाफेक शिकून घ्या.

---

दुसरा_डोस | १६ जुलै, सकाळी ८.००

मी लसीकरणाला व्हॉलंटियर होतो म्हणून सांगतो. टेबलावरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे छापील यादी असते आणि त्यात पीआर हा शब्दच नाहीये. तुम्ही सीओपीआर, व्हिसाचं पान आणि पासपोर्टची झेरॉक्स घेऊन मेडिकल ऑफिसरला थेट भेटा, साध्या मराठीत अर्ज लिहा की कायमस्वरूपी कामासाठी जातोय, ९ सप्टेंबरच्या आत पोचायचंय. "काम" हा शब्द घाला. आमच्याकडे असे दोघेजण झाले, एकाला मात्र नाही म्हणाले, ऑफिसरवर आहे. आणि डोस झाला की कोविनवर सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडून घ्या, आता ती सोय आहे, आधार नंबरचं सर्टिफिकेट तिकडे कोणी बघत नाही.

दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस जावे लागतात हे विसरू नका. ५ जुलैपासून पूर्ण लसवाल्यांना तिकडे क्वारंटाईन नाही. पण मुलगी लहान, तिला लस नाही, तिला घरी १४ दिवस ठेवावंच लागेल.

---

बर्फातला_पंचवटीकर | २० जुलै, पहाटे ४.३०

बातमी बघितली का? थेट विमानांची बंदी २१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मला वाटलंच होतं.

एक जळफळाट लिहून टाकतो. यांना या वर्षी ४ लाख १ हजार नवे पीआर हवेत. बाहेरून माणसं येत नाहीत म्हणून १३ फेब्रुवारीला आधीच कॅनडात असलेल्यांमधून एका फटक्यात २७,३३२ जणांना बोलावलं, कटऑफ किती, तर ७५! तुमचा ४७५, माझा ४७८. त्यांचं वाईट वाटत नाही, तेही आपल्यासारखेच, इथे राबतायत. पण दारात व्हिसा घेऊन उभा असलेला माणूस त्यांच्या आकड्यात मोजलाच जात नाही जोवर तो उतरत नाही, हे मला इथे येऊन कळलं.

---

अंबड_लिंकरोड | १२ सप्टेंबर २०२१, रात्री १२.२०

बरेच जण मेसेज करून विचारत होते म्हणून एकदाच लिहितो.

दुसरा डोस मिळाला, दुसऱ्या केंद्रावर, त्या मेडिकल ऑफिसर बाईंनी अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाल्या माझा भाचा पण तिकडेच अडकलाय, या आत. २४ जुलै. म्हणजे ७ ऑगस्टपासून मी कॅनडाच्या हिशोबात पूर्ण लसवंत. ९ ऑगस्टला त्यांनी तीन रात्रींचं हॉटेल काढून टाकलं आणि लहान मुलांचं क्वारंटाईनही सैल केलं. सगळं जुळत होतं. एकाच गोष्टीने अडलं, थेट विमानं. २१ ऑगस्ट झालं, मग २१ सप्टेंबर झालं.

बेलग्रेडचं माझ्या एकट्याचं तिकीट बघून ठेवलं होतं, १९ ऑगस्टचं. पैसे भरायच्या आदल्या रात्री मुलीला ताप आला. साधाच होता, व्हायरल, दोन दिवसांत उतरला. पण रात्री तीन वाजता तिचं अंग पुसताना मी हिशोब घातला की मी सर्बियात असताना हा ताप आला असता तर बायकोने बाबांकडे बघायचं का हिच्याकडे. नाही भरले पैसे. कोणी घाबरट म्हणेल, म्हणा.

९ तारखेला मुदत संपली. दुसऱ्या दिवशी गणपती बसले त्यामुळे रडायला वेळ मिळाला नाही, मोदकांना नारळ खोवायला मलाच बसवलं होतं. वेबफॉर्मचं उत्तर आलंय, ताई म्हणाल्या तसंच, नवीन मेडिकल आणि नवीन पीसीसी.

नोकरी राहिली. म्हणजे तीच नाही, आमच्याच कंपनीच्या सातपूरच्या युनिटला, पगार दोन हजाराने कमी. व्हर्नियर नवीन घेतला. ॲक्टिव्हा मात्र जूनमधेच विकून बसलो होतो, आता मेहुण्याच्या सीडी डिलक्सवर जातो.

बॅगा उघडल्या काल. गोडा मसाला वास गेल्यामुळे फेकला. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून २०१९ च्या डिसेंबरात मुलीसाठी दोन जॅकेटं घेतली होती, मुद्दाम मोठी, की तिकडे दोन वर्षं जातील. घालून बघितली, मनगटं चार बोटं बाहेर.

---

कॉलेजरोडची_ताई | १२ सप्टेंबर, सकाळी ७.४५

घाबरट कोणी म्हणत नाही. मेडिकलसाठी मुंबईची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, सगळे जुने सीओपीआरवाले एकदम पळणारेत. जुना मेडिकल नंबर सोबत न्या. आणि मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्याची तारीख बघा, नाहीतर नवा सीओपीआर त्या तारखेला कापून देतील. आमच्या धाकट्याचं असंच झालं होतं, म्हणून तर आमचा जानेवारीपर्यंतच निघाला.

---

बर्फातला_पंचवटीकर | २८ सप्टेंबर, पहाटे ५.५५

काल थेट विमानं सुरू झाली. तुमच्या मुदतीनंतर बरोबर अठरा दिवसांनी. मला तुम्हाला सांगायचंच नव्हतं, पण दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

टेस्ट आता दिल्ली विमानतळावरच्या जेनेस्ट्रिंग्ज लॅबचीच चालते, विमानाच्या आधी १८ तासांच्या आतली. नाशिकची नको, मुंबईची नको. म्हणजे आदल्या दिवशीच दिल्ली गाठा, त्या हिशोबाने तिकीट काढा.

---

अंबड_लिंकरोड | २८ सप्टेंबर, रात्री ९.३०

बघितलं मी सकाळीच. अठरा दिवस मी पण मोजले, बोटांवर. मेडिकल ११ ऑक्टोबरला आहे. मुलीचा पासपोर्ट ताई म्हणाल्या तसा फेब्रुवारी २०२२ ला संपतोय, उद्या नूतनीकरणाला टाकतो.

---

सिडको_५वीस्कीम | २८ सप्टेंबर, रात्री १०.०५

दादा, ती दोन जॅकेटं अजून घरी आहेत का? माझ्या भाच्याला, तीन वर्षांचा आहे. आमचं कुठे जायचं नाही, पण यंदा निफाडला थंडी जोरात पडेल म्हणतात. रविवारी येऊन नेतो.

---

अंबड_लिंकरोड | २८ सप्टेंबर, रात्री १०.११

आहेत. एक निळं, एक लाल. लालची चेन जरा अडकते, मेणबत्ती घासली की चालते. रविवारी दहानंतर या.